क्लासिक कन्व्हर्टिबल मोटारींच्या चाव्या, कुलपे व चोरीप्रतिबंध

छत दुमडता किंवा उतरवता येणाऱ्या जुन्या, जतन करण्याजोग्या मोटारींची कुलपे, त्यांच्या चाव्यांच्या पद्धती आणि गाडी किंवा तिच्यातला ऐवज चोरीला जाऊ नये म्हणून योजलेले उपाय. रोडस्टर, कॅब्रिओले, ड्रॉपहेड अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांचे छत बहुधा कापडी आणि मागची खिडकी अनेकदा पारदर्शक प्लास्टिकची असते. कित्येक गाड्यांच्या दारांत काचाही नसतात. बसण्याच्या भागात कोणालाही सहज शिरता येते, हे गृहीत धरूनच त्यांची राखण करावी लागते. म्हणून दाराच्या कुलपाला येथे दुय्यम स्थान आहे. खरी भिस्त असते ती डिकीवर, इग्निशन स्विचवर आणि बॉनेटखाली केलेल्या करामतींवर.

दारे आणि छत

१९५० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश रोडस्टरांच्या दारांना बाहेरून मूठच नव्हती. जॅग्वार एक्सके १२० ची उघडी आवृत्ती, ट्रायम्फ टीआर २, ऑस्टिन-हीली १०० आणि १९५५ साली आलेली एमजीए ही त्यांतली ठळक उदाहरणे. छत उतरवलेले असेल तर हात वरून आत घालायचा आणि दाराच्या आतली दोरी किंवा खटका ओढायचा. छत चढवलेले असेल तर काचेऐवजी दाराला लावलेल्या बाजूच्या पडद्याची झडप लोटून हात त्याच वाटेने आत न्यायचा. चावीचे भोकच नसल्याने मालक गाडी जशी उघडतो तशीच चोरही उघडतो, आणि दोघांना वेळही सारखाच लागतो. १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटने तर कमालच केली. तिला डिकीचे झाकणही नव्हते, सामान सीटमागच्या पोकळीतून आत सरकवावे लागे. स्वस्त आणि हलकी गाडी बनवायची तर हे ठीकच, पण मालकाला कुलूपबंद करता येईल अशी एकही जागा त्यात उरली नाही.

दशक संपता संपता चित्र पालटले. १९५९ च्या सनबीम अल्पाइनला, १९६१ च्या ट्रायम्फ टीआर ४ ला आणि १९६२ च्या एमजीबीला वरखाली होणाऱ्या काचा मिळाल्या. बाहेरच्या मुठी आणि त्यांत कुलपेही आली. पण कुलूप आले तसा नवा खर्चही मागे लागला. बंद दार दिसले की चोर छताला चाकू लावतो. कापलेले छत बदलायला जो खर्च येतो तो आतून गेलेल्या रेडिओच्या किमतीपेक्षा सहसा जास्तच भरतो. म्हणून कापडी छताच्या गाड्यांचे जुने मालक दार मुद्दाम उघडे ठेवतात, हातमोज्यांचा कप्पा (ग्लव्ह बॉक्स) रिकामा करून त्याचेही झाकण उघडे टाकतात, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला आत काही नाही हे कळते. हा हिशेब बिनचूक आहे. मात्र काही विमा पॉलिसींत गाडी कुलूपबंद असण्याची अट असते, तेव्हा हा शहाणपणा करण्यापूर्वी कागदपत्रे वाचलेली बरी. दाराच्या पुढच्या बाजूची लहान तिकोनी काच हाही कच्चा दुवा असतो. तिचा खटका झिजलेला असेल तर बाहेरून रेटा देताच ती वळते.

चावी आणि तिचा क्रमांक

सुरुवातीच्या मोटारींत चावी फक्त इग्निशनचे, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या विजेचे, मंडल जोडत असे. इंजिन फिरवायला वेगळे बटण, खेचायची कळ किंवा पायाने दाबायचा स्विच असे. चावी पुढे फिरवून स्टार्टर चालवण्याची सोय क्रायस्लरने १९४९ साली आणली, तरी स्पोर्ट्स गाड्यांत वेगळे बटण पुढेही बराच काळ टिकले. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्येही ते होते. कुलूप-चावीचा एवढा मर्यादित अधिकार असल्याने स्विचला वळसा घालून ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलला थेट वीज देणे हा चोरांचा जुना मार्ग ठरला.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची कुलपे मोजक्या कारखान्यांतून येत आणि चाव्यांच्या मालिका ठरलेल्या असत. एफएस ही त्यांतली सर्वांत परिचित मालिका. तिचे क्रमांक ८७६ ते ९५५, म्हणजे चाव्यांचे वेगवेगळे नमुने जेमतेम ८०. एफए मालिकेत ५०१ ते ६२५ असे १२५. एफएसच्या ऐंशी नमुन्यांवर असंख्य गाड्या चालत होत्या, त्यामुळे आपली चावी अनोळखी माणसाच्या गाडीला लागणे यात नवल नव्हते. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे हा क्रमांक पुष्कळदा कुलपाच्या दर्शनी तोंडावरच ठोकलेला असे. बंद गाडीत तो वाचायला काचेला नाक लावावे लागेल. उघड्या रोडस्टरमध्ये पदपथावरून जाणाऱ्याला डॅशबोर्डवरचा क्रमांक वाचता येतो, आणि क्रमांक मिळाला की चावी विकत मिळते. त्यामुळे क्रमांक स्वतःजवळ टिपून ठेवून कुलपावरचा घासून टाकणे, किंवा भोकावर सरकते झाकण असलेला स्विच बसवणे, हा कमी खर्चाचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणावा लागेल.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३० च्या दशकापासून ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीची कुलपे वापरली. त्यांच्या चाव्यांवरही क्रमांक असे, पण तो चावीच्या डोक्यातल्या एका लहानशा चकतीवर. गाडी ताब्यात घेतल्यावर मालकाने चकती ठोकून काढायची आणि जपून ठेवायची, म्हणजे चावी कोणाच्या हाती लागली तरी क्रमांक लागत नाही. ब्रिटिशांच्या उघड्या क्रमांकापुढे ही युक्ती फारच विचारपूर्वक वाटते. शिवाय त्या गाड्यांना दोन चाव्या असत. एक इग्निशन व दारांची, दुसरी डिकी व हातमोज्यांच्या कप्प्याची. गाडी पार्किंगवाल्याच्या हाती देताना पहिली द्यायची आणि दुसरी खिशात ठेवायची. कन्व्हर्टिबलमध्ये या विभागणीला खरी किंमत आहे, कारण तिथे कुलूप लावून ठेवण्याजोग्या जागा याच दोन.

जनरल मोटर्सच्या १९५० च्या दशकातल्या व १९६० च्या दशकाच्या आरंभीच्या अनेक गाड्यांत एक घातक सोयही होती. स्विच ‘बंद’वर ठेवून ‘लॉक’पर्यंत नेला नाही, तर चावी काढून घेतल्यावरही तो बोटांनी फिरवून गाडी सुरू करता येई. अशा गाडीचा आजचा मालक चावी काढतो आणि निर्धास्त होतो. चावी काढल्यावर स्विच एकदा हाताने फिरवून पाहणे ही सवय त्याने लावून घ्यावी.

जुन्या चाव्यांची नक्कल करताना एक पथ्य आहे. झिजलेल्या चावीवरून काढलेली नक्कल झीजही उतरवून घेते, आणि नकलेची नक्कल पुढे कुलपात अडकू लागते. क्रमांक ठाऊक असेल तर मूळ मापांवरून नवी चावी कापून घ्यावी. नवे कुलूप बसवल्यामुळे दाराची चावी आणि इग्निशनची चावी वेगळ्या झाल्या असतील, तर कुलपातल्या पितळी पट्ट्या अदलाबदल करून दोन्ही पुन्हा एका चावीवर आणता येतात. जाणकार कारागिराला हे काम अवघड नाही. कुलपात घट्ट तेल किंवा ग्रीस घालू नये. त्यात धूळ चिकटते आणि पट्ट्या जागच्या जागी बसतात. कोरडी ग्रॅफाइट पूड बरी, पण आधीचे तेल धुऊन काढल्यावरच, नाहीतर दोन्हींचा लगदा होतो.

स्टिअरिंगचे कुलूप

दार निरुपयोगी आणि स्विच कमकुवत असेल तर उरते ते चाकांची दिशा अडवणे. पश्चिम जर्मनीत १ जुलै १९६१ पासून नव्या मोटारींना अशी सोय सक्तीची झाली. अमेरिकेत तत्सम नियम १ जानेवारी १९७० पासून लागू झाला. जनरल मोटर्सने तो वर्षभर आधीच, १९६९ च्या मॉडेलांपासून, अमलात आणला. म्हणून १९६८ च्या कॉर्व्हेटचे इग्निशन डॅशबोर्डवर आणि १९६९ च्या कॉर्व्हेटचे स्टिअरिंगच्या खांबावर आढळते. चावी स्विचमध्ये असताना चालकाचे दार उघडले की इशारा देणारा आवाजही याच अमेरिकी नियमातून आला. चावी आतच विसरून जाणे ही मोठी अडचण असल्याचे नियमकर्त्यांनी ओळखले होते, आणि उघड्या गाडीत ती अडचण दुप्पट.

त्याआधीच्या गाड्यांना बाहेरून लावायचे दांडे मिळतात. काही स्टिअरिंगच्या चक्रावर बसतात, काही चक्राला पेडलशी जखडतात. लांबून दिसणे हा त्यांचा मोठा गुण. पण जुन्या चक्राची कडा बारीक असते, ती कापली की दांडा मोकळा, आणि छत नसलेल्या गाडीत करवत चालवायला जागाही भरपूर. पेडलचे कुलूप त्या मानाने जास्त त्रास देते, कारण चोराला पायाशी वाकून काम करावे लागते. काही मालक चक्रच काढून सोबत नेतात.

इंजिन गप्प करणे

सर्वांत जुना उपाय म्हणजे ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता तुकडा, रोटर, काढून खिशात टाकणे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवण्याचे बंधन होते, तेव्हा कित्येक मालकांनी हेच केले. उपाय अजूनही चालतो, पण चांगल्या तयारीचा चोर सुटा रोटर सोबत आणू शकतो, आणि बॉनेटला कुलूप नसेल तर त्याला अडवणारे काही नाही.

ऑस्टिन-हीलीच्या मोठ्या गाड्यांत कारखान्यानेच बसवलेली योजना जास्त नेमकी आहे. बॅटरीचे मुख्य बटण डिकीत. बटण बंद केल्यावर बॅटरीचा संबंध तर तुटतोच, शिवाय इग्निशनची तार गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते, म्हणजे गाडी ढकलून डायनॅमोवर इंजिन सुरू करण्याचा मार्गही बंद. अशा गाडीचे खरे कुलूप डिकीचे. दाराला कुलूप नसल्याने फारसे बिघडत नाही.

इग्निशनची किंवा इंधनपंपाची वीज तोडण्यासाठी नंतर बसवलेल्या छुप्या स्विचांबाबत मत दोन्ही बाजूंनी देता येते. इग्निशन तोडले तर इंजिन सुरूच होत नाही आणि चोर जागेवरच तारा शोधायला लागतो. इंधनाचा विजेरी पंप तोडला तर कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, थोडी पुढे जाते आणि चारचौघांत बंद पडते. तिथे बॉनेट उघडून बसायची चोराची तयारी नसते. मात्र एसयू बनावटीच्या इंधनपंपाची टकटक चावी फिरवताच ऐकू येते, आणि ती न ऐकू आल्यास जाणकार चोराला काय झाले ते लगेच उमगते. दोन्ही स्विच वेगवेगळ्या जागी लपवणे उत्तम. तेही डॅशबोर्डखाली पहिल्याच चाचपणीत हाताला लागतील असे नकोत.

कारखान्यातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संरक्षणाची एक महत्त्वाची पायरी कॉर्व्हेटमध्ये दिसते. १९७५ नंतर बंद झालेली तिची कन्व्हर्टिबल आवृत्ती १९८६ साली परत आली, आणि त्याच वर्षी तिच्या चावीत एक लहान रोधक (रेझिस्टर) बसवला गेला. चावीचे दाते जुळले तरी रोधकाचे मूल्य जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. मूल्ये फक्त १५ होती, पण चुकीची चावी लावली की यंत्रणा काही मिनिटे काहीच करू देत नसे. एकेक चावी लावून बघत बसण्याचा उद्योग त्यामुळे परवडेनासा झाला. आज ही गाडीही क्लासिक म्हणून जपली जाते, आणि झिजलेल्या संपर्कांमुळे खऱ्या मालकालाच अडवणे हा तिचा नेहमीचा आजार आहे. युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे योग्य चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, सक्तीचा झाला तो १९९८ साली.

उचलून नेणे, माग आणि ओळख

लहान रोडस्टर हलकी असते. चावी, स्विच, रोटर यांची फिकीर न करता तिला ट्रेलरवर चढवून नेता येते. याला उत्तर म्हणजे चाकाला जबडा, जमिनीत बसवलेले साखळीचे कडे आणि सर्वांत आधी बंद गॅरेज. उपग्रहावरून माग सांगणारे यंत्र बसवताना त्याची स्वतःची बॅटरी असलेली बरी. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची बॅटरी असे यंत्र हळूहळू रिकामी करते, आणि वर सांगितलेले मुख्य बटण बंद केले की गाडीच्या विजेवर चालणारे यंत्र मुकेच होते.

चोरीनंतरचा प्रश्न ओळखीचा. अमेरिकेत गाडीचा कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक पुढच्या काचेतून दिसेल असा बसवणे १९६९ पासून बंधनकारक झाले, आणि १७ अक्षरांचा एकसारखा नमुना १९८१ पासून आला. त्याआधीच्या गाड्यांवर रिव्हेट किंवा स्क्रूने बसवलेली पट्टी असे. ती काढून दुसऱ्या, मोडीत निघालेल्या गाडीची पट्टी लावली की चोरीची गाडी कागदोपत्री दुसरीच होते. म्हणून मालकाने सांगाडा, बॉडी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक वेगवेगळे टिपून ठेवावेत. छताच्या शिवणीतली दुरुस्ती, डॅशबोर्डला पडलेले जादा भोक, एखादे चुकीच्या रंगाचे तारेचे टोक अशा खुणांची छायाचित्रेही काढून ठेवावीत. विकत घेणाऱ्याने पट्टीचे स्क्रू नवे आणि पट्टी जुनी दिसली, तर सौदा तिथेच थांबवून आधी कागदपत्रे तपासावीत.