बुधवारचं अपडेट आणि बिऱ्हाड हलवणारं अपडेट

"अरे, नेट तर जोरात आहे, मग हे अपडेट तासभर सत्तावीस टक्क्यांवर का बसलंय?" काकांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि वार होता बुधवार. वारावरूनच निम्मं निदान झालं. विंडोजची महिन्याची दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. ती सुटते अमेरिकेतल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. त्यामुळे आपला खोळंबा होतो बुधवारी.

'अपडेट' या एका शब्दाखाली विंडोज दोन वेगळी कामं करतं. महिन्याचं ते क्वालिटी अपडेट: कौल फुटलं तिथं नवं बसवायचं, घर तेच. दुसरं फीचर अपडेट, म्हणजे सरळ बिऱ्हाड हलवणं. जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये बांधून ठेवतात, नवं उभं करतात आणि तुमच्या फायली, प्रोग्राम, सेटिंग त्यात आणून लावतात. मधे मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं. नवं घर पटलं नाही तर दहा दिवसांत परतता येतं. तोवर जुनं सामान सी ड्राइव्हवर कित्येक जीबी अडवून बसतं.

ओळखायचं कसं? नावात 'केबी' आणि पुढं सात आकडे असले तर कौलं. 'व्हर्जन २२एच२' असं काही असलं तर बिऱ्हाड. अपडेट हिस्टरीतही दोघांचे रकाने वेगळे असतात. गोल फिरणारे ठिपके मात्र दोन्हीकडे तेच, म्हणून माणसं गोंधळतात. त्यात आणखी एक गंमत: विंडोज १० ची 'व्हर्जन २००४' (हे साल नव्हे, आवृत्तीचं नाव) ते २२एच२ ही स्थित्यंतरं नावाला बिऱ्हाड होती. नवं सामान महिन्याच्या अपडेटांतून आधीच येऊन पडलेलं असायचं, फक्त बंद. शेवटी एक छोटं पॅकेज येऊन बटण दाबून जायचं.

काकांना टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी, उघडायला सांगितलं. तो उघडायलाच दोन मिनिटं गेली. डिस्क १००%, नेटवर्क ०%. डाउनलोड केव्हाच संपलं होतं. अडलं होतं ते ५४०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर. महिन्याचं अपडेटसुद्धा हजारो बारक्या फायली उघडतं, जुन्याशी ताडून पाहतं, बदलतं. वर अँटिव्हायरस प्रत्येकीला हटकतो. फिरत्या डिस्कचं डोकं अशा विखुरलेल्या फायली सेकंदाला जेमतेम शंभर वेळा गाठू शकतं, साधी एसएसडी (काहीच न फिरणारी, चिपवरची डिस्क) हजारोंनी. म्हणून नेटचा प्लॅन वाढवून इथं काडीचा फरक पडत नाही. एसएसडी बसवली की पडतो. आणि मधेच पॉवर बटण दाबलंत तर केलेलं काम उलटं फिरवायला तीच डिस्क आणखी तासभर घेणार.

जुन्या मशीनवर बिऱ्हाड लांबवलं तर मी काही म्हणणार नाही. चालू आवृत्तीला दुरुस्त्या मिळताहेत तोवर घाई नसते. कौलं मात्र टाळायची नाहीत. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली होती. हल्ला झाला १२ मे ला. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भोक पुन्हा वापरलं आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. दुरुस्ती येऊन तेव्हा तीन महिने उलटले होते.

विंडोज १० वाल्यांपुढं आता फरक आणखी स्पष्ट झालाय. २२एच२ ही त्याची शेवटची आवृत्ती, आणि नेहमीच्या दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधला सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. काकांचा सहाव्या पिढीचा आहे. म्हणजे बिऱ्हाडाचा दरवाजा बंद. कौलं ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावरून एक्सटेंडेड सिक्युरिटी अपडेट्ससाठी, म्हणजे मुदतीनंतरच्या सुरक्षा दुरुस्त्यांसाठी, नाव नोंदवावं लागतं. ते काकांनी नोंदवलंय. फोन अजून येतो, बुधवारीच.