विमानातला कोड: पुराव्याचा हट्ट आला कुठून?

९ ऑक्टोबर २०२१ला मुंबईहून चिपीला, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळावर, प्रवासी सेवा सुरू झाली ती एटीआर ७२-६०० विमानाने. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून इंजिनिअर होऊन अशा विमानांतलं सॉफ्टवेअर घडवण्याच्या क्षेत्रात शिरणाऱ्यांना एका गोष्टीचं नवल वाटतं: इथला सीनियर कोड लिहितो कमी आणि रिक्वायरमेंट (कोडने काय करायचं याची लेखी अपेक्षा), रिव्ह्यू, टेस्टचे निकाल यांतच अडकलेला असतो.

यंत्राचा भाग किती तास टिकेल हे चाचणीवरून सांगता येतं. कोड झिजत नाही, त्यामुळे तो कधी बिघडेल याचा आकडा काढता येईना. म्हणून तो कसा घडवला, यालाच तो भरवशाचा असल्याचा पुरावा मानायचं ठरलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा डीओ-१७८ हा त्याचा पहिला लेखी नियम. १९९२च्या ‘बी’ आवृत्तीत बिघाडाचा परिणाम किती गंभीर यावरून ए ते ई असे पाच स्तर आले. बिघाडाने विमानच पडू शकत असेल, तर ए. २०११च्या ‘सी’ आवृत्तीत ए स्तराला पूर्ण करायची ७१ उद्दिष्टं आहेत, डीला २६.

ए स्तरावर कोडमधल्या निर्णयातली प्रत्येक अट एकटीने निकाल फिरवते, हे दाखवावं लागतं. चार अटी असतील तर खऱ्या-खोट्याच्या सगळ्या १६ जुळण्या तपासायची गरज नसते, सहसा नीट निवडलेल्या ५ पुरतात. कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला ते, कमी पडलं की नवखा माणूस कोड बघून टेस्ट लिहितो. हे चालत नाही. टेस्ट रिक्वायरमेंटवरूनच यायला हवी. न चाललेल्या ओळीचा अर्थ टेस्ट राहिली, रिक्वायरमेंट राहिली किंवा ती ओळच फालतू आहे, असा काहीही निघू शकतो. प्रत्येकाचा उपाय निराळा, आणि तो निवाडा सीनियरचा.

जुना, चाललेला कोड तर जास्तच सांभाळून घ्यावा. ४ जून १९९६ला युरोपच्या एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण ४० सेकंदांच्या आत संपलं. एरियन ४मधून घेतलेल्या कोडमध्ये आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्यामुळे रॉकेटची दिशा आणि वेग मोजणारा संगणक बंद पडला. त्याच्या राखीव जोडीदारातही तोच कोड, म्हणून तोही त्याच कारणाने बंद पडला. खरा घात पुढे झाला: बिघाडाची निदान-माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली.

खोटी माहिती खरी म्हणून पुढे जाण्याची ही भीती ‘गगन’मध्येही धरलेली आहे. जीपीएसच्या चुकीची दुरुस्ती उपग्रहावरून विमानांना पाठवणाऱ्या, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या या प्रणालीचं एक संदर्भ केंद्र, म्हणजे जीपीएसचे संकेत तपासणारं ठिकाण, गोव्यात आहे. आपल्या अक्षांशांत सूर्यास्तानंतर आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) अस्थिर होतं, जीपीएसच्या संकेताला होणारा उशीर बदलत राहतो आणि उंचीचा हिशेब चुकतो. म्हणून गगन दुरुस्तीसोबत चूक जास्तीत जास्त किती असू शकेल, ही मर्यादाही पाठवते. उभ्या, म्हणजे उंचीच्या, मार्गदर्शनासह उतरण्यासाठी तिला २०१५मध्ये मान्यता मिळाली. या दर्जात भरवसा सुटल्यावर १० सेकंदांत इशारा जाणं बंधनकारक असतं. त्यामुळे विमानातल्या रिसीव्हरच्या टेस्टमध्ये चांगला संकेत देऊन भागत नाही. इशारा मुद्दाम पाठवायचा आणि उभं मार्गदर्शन खरोखर थांबलं का, हे नोंदवायचं.