आगा : रॉकेलवर अखंड तेवणारी बिडाची चूल

इंग्लंड-आयर्लंडच्या खेड्यांतल्या अनेक स्वयंपाकघरांत सुमारे अर्धा टन वजनाची बिडाची चूल असते. आगा तिचं नाव. जुन्या धाटणीची आगा दिवसरात्र पेटलेलीच असते.

ती घडवली स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी. दिवस उजाडला की दीपगृहाचा गॅस आपोआप बंद करणारी झडप त्यांचीच. १९१२ साली स्फोटात त्यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्योतीने स्वतःला सांभाळावं, हा ध्यास मात्र सुटला नाही. १९२२ साली त्यांनी ही चूल आणली. आत छोटासा विस्तव, भोवती उष्णता धरून ठेवणारं जाड बीड, वर जाड झाकणांच्या दोन तव्या. एक उकळायला, दुसरी मंद शिजवायला. आपल्या चुलीच्या वैलासारखी. भट्ट्याही तशाच, एक कडक, एक मंद.

आधी तिच्यात कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, घालावा लागे, राख काढावी लागे. १९६० च्या दशकात तेल आलं आणि ते कष्ट संपले. गॅसची पाइपलाइन न पोचलेल्या गावांना तर हे वरदानच वाटलं असणार.

हे तेल म्हणजे आपलं रॉकेलच, पण जळण्याची रीत आपल्या पंपाच्या स्टोपेक्षा वेगळी. स्टोला पंप मारावा लागतो. इथे टाकीतलं तेल उतारानेच येतं. वाटेतली तरंगत्या गोळ्याची पेटी ते मोजून सोडते. बर्नरच्या तळाशी गोल खाचेत वात असते. तिथे तेलाची वाफ होते आणि भोवतीच्या भोकाभोकांच्या नळकांड्यांमध्ये ती निळी जळते. पंखा नाही, त्यामुळे हवा ओढायचं सगळं काम धुराड्याचं. धुराडं नीट ओढत नसेल तर काजळी धरते. बर्नर तिरका बसला तर तेल एकीकडे साचतं, म्हणून कारागीर पाणसळ लावूनच तो बसवतो. खाली पक्का पाया हवा, खोलीत ताज्या हवेची वाट हवी, आणि उष्णता वाढली तर तेल तोडणारी झडप हवीच. दर सहा महिन्यांनी तेल जळून धरलेली कोळशासारखी खपली खरवडून वात बदलावी लागते. ही सेवा चुकवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

या चुलीचं बीड इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या कोलब्रुकडेलला ओतलं जाई. तिथेच १७०९ साली अब्राहम डार्बींनी कोकवर लोखंड वितळवलं होतं. ती ओतशाळा २०१७ साली बंद झाली. जुन्या चुलींतले तेलाचे बर्नर काढून आता अनेकजण त्या विजेवर चालवतात.