मूत्रपिंडाच्या कर्करोगातील ग्रेड आणि पीडी-एल१

मूत्रपिंडातील गाठ काढल्यानंतर मिळणाऱ्या बायोप्सीच्या रिपोर्टात स्टेज आणि ग्रेड अशा दोन निराळ्या नोंदी असतात. कर्करोग कुठवर पसरला आहे हे स्टेजवरून समजते, तर त्याच्या पेशी मूळ रूपापासून किती दुरावल्या आहेत हे ग्रेडवरून. या कर्करोगाच्या सुमारे ७५ टक्के रुग्णांमध्ये ‘क्लिअर सेल’ हा प्रकार आढळतो आणि त्याची ग्रेड ठरवताना पॅथॉलॉजिस्टची नजर पेशीकेंद्रकातील केंद्रकीवर, म्हणजे केंद्रकाच्या आतील लहानशा ठिपक्यावर, असते. ४०० पट मोठे करूनही ती जेमतेम दिसली तर ग्रेड १, ४०० पटींना स्पष्ट दिसली पण १०० पटींना ठळक नसली तर ग्रेड २, आणि १०० पटींनाच ठळक दिसली तर ग्रेड ३. पेशी अतिशय विद्रूप झाल्या असतील किंवा लांबट होऊन सार्कोमॅटॉइड रूपात गेल्या असतील, तर ग्रेड ४.

जपानी शास्त्रज्ञ तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधलेले पीडी-१ हे प्रथिन टी पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, असते आणि त्यांच्या माऱ्याला लगाम घालते. कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-१ला जुळणारे पीडी-एल१ हे प्रथिन आणून नेमका हाच लगाम खेचतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००४ साली दाखवले की, मूत्रपिंडाच्या ज्या गाठींत पीडी-एल१ अधिक असते, त्या बहुधा वरच्या ग्रेडच्या आणि अधिक आक्रमक असतात. याच गाठींत टी पेशींची गर्दीही पुष्कळदा दिसते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अशी गर्दी शुभलक्षण मानली जाते. येथे मात्र त्यांतील बऱ्याच पेशी थकून निष्प्रभ झालेल्या असतात.

मग पीडी-एल१ आढळले तरच इम्युनोथेरपी, म्हणजे टी पेशींचा हा लगाम सोडवणारे उपचार, द्यावी काय? माझ्या मते, मूत्रपिंडाच्या बाबतीत हा निकष धोक्याचा आहे. एकाच गाठीत हे प्रथिन एका भागात असते, शेजारच्या भागात नसते, त्यामुळे लहानशा तुकड्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. शिवाय, ८२१ रुग्णांच्या चेकमेट ०२५ या चाचणीत निव्होलुमॅब हे पीडी-१ रोखणारे इम्युनोथेरपीचे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान २५ महिने, तर एव्हरोलिमस हे इम्युनोथेरपीत न मोडणारे औषध घेणाऱ्यांचे १९.६ महिने होते, आणि हा लाभ पीडी-एल१ नसलेल्यांनाही झाला.

सार्कोमॅटॉइड गाठींचा अनुभव विशेष आशादायक आहे. पूर्वीच्या औषधांना त्या फारशा दाद देत नसत. चेकमेट २१४ या चाचणीत मात्र निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचेच दुसरे औषध एकत्र दिल्यावर अशा सुमारे ६० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, तर सुनिटिनिब हे पूर्वीपासूनचे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते.