स्की-उतारावरील वाटेचा हक्क आणि जबाबदारी

बर्फाच्या उतारावरून स्की किंवा स्नोबोर्डवर खाली येणाऱ्यांनी एकमेकांना वाट कशी द्यावी, कुठे थांबावे, अपघात झाल्यास काय करावे आणि टक्कर झाली तर दोष कोणाकडे जातो, हे ठरवणारे वर्तनाचे नियम. नियम दहा असले तरी त्यांचा कणा एकच आहे: जो पुढे, म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला आहे, त्याचा वाटेवर पहिला हक्क. वरून, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचे. खालच्याचे तोंड पायथ्याकडे असते, त्याला पाठीमागचे दिसत नाही. वरच्याला मात्र खालचा सगळा उतार समोर दिसतो. ज्याला दिसते त्याच्यावर भार, इतका सरळ हिशेब यामागे आहे.

रस्त्यावरच्या सवयी बर्फावर आणल्या की गोंधळ होतो. आपल्या घाटांत रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, त्यामुळे हा नियम ओळखीचा वाटतो. पण साम्य तेवढेच. स्की-उतारावर मार्गिका नसतात, डावी-उजवी बाजू ठरलेली नसते, आरसा, हॉर्न, इंडिकेटर काहीच नसते. पुढचा माणूस कोणत्या क्षणी कोणीकडे वळेल हे तो सांगत नाही, आणि सांगायला बांधीलही नाही.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघ (फिस) 1924 मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे स्थापन झाला. त्याने 1967 साली बैरूतच्या अधिवेशनात हे दहा नियम स्वीकारले. आज युरोपातील बहुतेक स्की-केंद्रांवर लिफ्टच्या (स्कीपटूंना उतारावर वर नेणाऱ्या दोरवाहिनीच्या) खांबावर किंवा तिकीटखिडकीपाशी त्यांचा फलक दिसतो. अमेरिकेतील स्की-केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता त्याहून जुनी, 1962 पासूनची. 2022 च्या सुधारणेनंतर तिच्यातही दहा कलमे आहेत. शब्द वेगळे असले तरी खालच्याला अग्रहक्क देण्याबाबत दोन्हींचे एकमत आहे.

मागून येणाऱ्याचे काम

फिसचा तिसरा नियम मागच्याने आपली वाट कशी निवडावी हे सांगतो, तर चौथा ओलांडून कसे जावे हे. ओलांडणे वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून, कसेही चालते. अट एकच आहे: पुढच्याला जाणूनबुजून किंवा नकळत कोणतीही हालचाल करता येईल इतकी जागा सुटली पाहिजे. ‘नकळत’ हा शब्द फार महत्त्वाचा. पुढचा माणूस घसरेल, पडेल, घाबरून अचानक आडवा जाईल, हे सगळे मागच्याने आधीच धरून चालायचे. ‘तो एकदम मध्ये आला’ ही सबब त्यामुळे टिकत नाही. ओलांडणे पूर्ण होईपर्यंत जबाबदारी ओलांडणाऱ्याचीच असते, आणि उभ्या माणसाजवळून जातानाही हाच नियम लागू होतो.

प्रत्यक्षात जागा किती सोडायची ते पुढच्याच्या वळणांवरून ठरते. नवशिक्या स्कीची टोके जवळ आणून, मागचे शेपूट फाकवून हळूहळू उतरतो आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अख्खा उतार व्यापतो. त्याच्या मागे वेग कमी करून दोन-तीन वळणे पाहावीत, त्याची लय कळते. तो वळून समोरच्या कडेकडे निघाला की त्याच्या पाठीमागे जी बाजू मोकळी होते, तिथून जावे. तो आणि उताराची कड यांच्या फटीतून घुसू नये, कारण पुढचे वळण तो तिथेच घेणार असतो. ‘डावीकडून येतोय’ असे ओरडल्यानेही बहुधा नुकसानच होते. नवशिका आवाजाच्या दिशेने मान वळवतो, मानेमागे खांदे वळतात, खांद्यांमागे स्की, आणि तो नेमका ओरडणाऱ्याच्या वाटेत येतो.

स्नोबोर्डवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. ते आडवे उभे असतात, त्यामुळे त्यांची एक बाजू कायम पाठीआड राहते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची छाती उजवीकडे असते, म्हणून डावीकडचे त्याला दिसत नाही; उजवा पाय पुढे असेल तर उलट. अशाला त्याच्या पाठीकडून ओलांडताना दुप्पट अंतर सोडणे शहाणपणाचे.

थांबून पुन्हा निघताना

अग्रहक्काचा एक मोठा अपवाद पाचव्या नियमात आहे. कडेला थांबलेला माणूस पुन्हा निघतो किंवा आडवाटेने उतारावर येतो, तेव्हा आधी वर आणि मग खाली पाहून वाट त्याने द्यायची. एकदा तो नीट चालू लागला की, कितीही हळू जात असला तरी, वरून येणाऱ्या वेगवान माणसापेक्षा त्याचा हक्क पुन्हा पहिला. कडेवर स्की टेकवून मोठे वर्तुळ घेणाऱ्यांनाही हाच नियम बांधतो. बाकदार कडांच्या आधुनिक स्कीवर वळण इतके लांबवता येते की माणूस क्षणभर चढाकडे जाऊ लागतो. तेव्हा तो वाहत्या प्रवाहाच्या उलट येत असतो, म्हणून वर पाहण्याचे बंधन त्याच्यावर येते. दोन उतार मिळतात तिथे मुख्य रस्ता आणि उपरस्ता असा भेद नसतो. अशा ठिकाणी केशरी जाळ्या किंवा ‘हळू’ची पाटी दिसली की वेग खरोखरच कमी करावा.

थांबायचे कडेला. उंचवट्याच्या लगेच खाली, उताराच्या चिंचोळ्या भागात किंवा वळणाआड कधीच नाही, कारण वरून येणाऱ्याला बसलेला माणूस दोन-चार मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. गट थांबला असेल तर नंतर येणाऱ्याने त्याच्या खाली जाऊन थांबावे. वरच्या बाजूला ब्रेक मारायला जाऊन पाय घसरला तर पत्त्यांच्या घरासारखा सगळा गट आडवा होतो.

वेग

ताशी 50 किमी वेगाने जाणारा माणूस सेकंदाला सुमारे 14 मीटर पुढे सरकतो. धोका दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर काहीही न करताच संपते. या वेगाची टक्कर ऊर्जेच्या हिशेबाने जवळजवळ 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी असते. ताशी 30 किमीला हीच उंची साडेतीन मीटर भरते. दुसरा नियम म्हणूनच आकडा सांगत नाही. आपल्या कौशल्याला, बर्फाच्या जातीला, हवेला आणि गर्दीला झेपेल असा वेग ठेवा, एवढेच म्हणतो. ढगाळ दिवसात बर्फावर सावल्या पडत नाहीत, खड्डा आणि उंचवटा एकसारखे दिसतात. दुपारी उशिरा पाय थकलेले, दिवसभर तुडवलेला बर्फ पुन्हा गोठून काचेसारखा झालेला, आणि सगळे एकाच वेळी पायथ्याकडे निघालेले. त्या शेवटच्या अर्ध्या तासात सकाळचा वेग धरू नये.

भाड्याने स्की घेताना दुकानदार वजन, उंची, वय आणि कौशल्य विचारतो. बूट सोडणारी यंत्रणा किती जोराला सुटेल ते तो या माहितीवर आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवर बसवतो. संकोचाने वजन कमी सांगितले तर स्की वळणातच निसटते. फुशारकीने कौशल्य जास्त सांगितले तर पडताना ती सुटत नाही आणि गुडघ्याचे अस्थिबंध फाटतात. निसटलेल्या स्कीला खाली सरकू न देणारे दोन काटे नीट उघडतात का, हेही तिथेच पाहून घ्यावे; मोकळी सुटलेली स्की खालच्यासाठी भाल्यासारखी असते. हेल्मेटवर ‘ईएन 1077’ हे युरोपीय मानक छापलेले असावे.

खुणा आणि बंद उतार

युरोपात सोप्याकडून अवघडाकडे निळा, लाल, काळा असे रंग असतात; फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौरस आणि काळा हिरा अशा खुणा आहेत. या श्रेणी त्या-त्या केंद्रापुरत्या खऱ्या असतात. एका ठिकाणचा निळा दुसरीकडच्या लालसारखा निघू शकतो.

बंदची पाटी असेल तर उतार रिकामा दिसला तरी जायचे नाही. संध्याकाळी बर्फ सपाट करणारी यंत्रे तीव्र उतारावर वरच्या खांबाला पोलादी दोराने बांधून चालवतात. तो शेकडो मीटर लांब दोर अंधारात दिसत नाही, बर्फात दबलेला असतो आणि यंत्र सरकले की ताणला जाऊन एकदम कमरेच्या उंचीवर येतो. यात माणसे मेली आहेत.

अपघातानंतर

जखमीच्या काही मीटर वर दोन स्की फुलीसारख्या रोवाव्यात आणि एकाने वरच्या बाजूला उभे राहून येणाऱ्यांना हात दाखवावा. हेल्मेट किंवा बूट काढू नये, मानेला हलवू नये, अंगावर जाकीट पांघरून उबेची सोय करावी. मदत मागताना उताराचे नाव आणि कडेच्या खांबावरचा क्रमांक सांगावा; युरोपात आणीबाणीचा क्रमांक 112. नववा नियम मदत करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवतो. दहाव्याप्रमाणे, दोष असो वा नसो, टक्करीतल्या सगळ्यांनी आणि साक्षीदारांनीही नाव-पत्ता द्यायचा असतो.

फिसचे नियम हा कायदा नव्हे, तरीही आल्प्समधील न्यायालये काळजीपूर्वक वागणे म्हणजे काय हे त्यांवरूनच जोखतात. जर्मनीतील थुरिंगिया राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री डीटर आल्टहाउस 1 जानेवारी 2009 रोजी ऑस्ट्रियात दोन उतार मिळतात त्या ठिकाणी दुसऱ्या उतारावर उलट दिशेने गेले आणि वरून येणाऱ्या महिलेशी टक्कर होऊन ती मरण पावली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल त्यांना 33,300 युरो दंड झाला. वरून येणारीच नेहमी दोषी नसते, हे या निकालाने ठळक केले. इटलीत 2022 पासून तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या 1979 च्या कायद्यात टक्कर टाळण्याचे मुख्य कर्तव्य उतरणाऱ्याचे, असे स्पष्ट लिहिले आहे. नाव-पत्ता न देता निघून जाणे तिथे गुन्हा आहे.

स्की-केंद्राची जबाबदारी आखलेल्या उतारापुरती. लिफ्टच्या खांबांना गाद्या लावणे, हिमस्खलनाची भीती असेल तर उतार बंद करणे, अनपेक्षितपणे समोर येईल असा धोका दाखवून देणे हे त्याचे काम. बर्फ गोठलेला असणे किंवा उतार तीव्र असणे हा मात्र खेळाचाच भाग मानला जातो. कडेचे खांब ओलांडले की ही छत्री संपते. फॉर्म्युला वन शर्यतपटू मिखाएल शूमाखर 2013 मध्ये फ्रान्समधील मेरिबेल येथे आखलेल्या उताराबाहेर अवघ्या काही मीटरवर खडकाला धडकले. खुणा मानकाप्रमाणे होत्या, असे फ्रेंच तपासात ठरले.

गुलमर्ग

काश्मीरमधील गुलमर्गला ही सीमारेषा फार महत्त्वाची आहे. गंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या बाजूला सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. तिथून खालचा बराचसा प्रदेश न दाबलेल्या नैसर्गिक बर्फाचा आहे, आणि हिमस्खलनांत तिथे स्कीपटूंचे बळी गेले आहेत. वर जाण्याआधी गस्तीपथकाचा त्या दिवसाचा इशारा वाचावा. 457 किलोहर्ट्झचा शोधयंत्र-प्रेषक (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा लावणारे, अंगावर बाळगायचे रेडिओ उपकरण), बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडे, तिन्ही जवळ हवीत आणि सोबत ती वापरता येणारा माणूस हवा. गाडल्या गेलेल्याला वाचवायला हाताशी पहिली पंधराएक मिनिटेच असतात.

खालच्या नवशिक्यांच्या मैदानावर प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रातून येणारे बहुतेक पर्यटक इथेच एक-दोन तास स्की लावतात, आणि त्याच बर्फावर चालणारी कुटुंबे, फोटो काढणारे आणि दोरीने ओढल्या जाणाऱ्या स्लेज एकत्र असतात. सातवा नियम पायी चालणाऱ्याला कडेला ठेवतो. याचे आणखी एक कारण आहे: बुटाने पडलेला खड्डा रात्रीतून गोठतो आणि सकाळी त्यात स्कीचे टोक अडकते. पहिल्या दिवशी स्की लावणाऱ्याने गाइडला दोनच गोष्टी आधी शिकवायला सांगाव्यात: थांबायचे कसे, आणि थांबता आले नाही तर बाजूला, कुल्ह्यावर पडायचे कसे. ते जमेपर्यंत मैदानाच्या ज्या भागात खाली कोणी उभे नाही, तिथूनच निघावे.