लिस्तोपाद: झाग्रेबचा ऑक्टोबर, वॉर्सॉचा नोव्हेंबर

स्लाव्ह भाषांची ओळख करून देणाऱ्या लेखनात महिन्यांच्या नावांचा एक तक्ता हमखास आढळतो आणि त्यात ‘लिस्तोपाद म्हणजे नोव्हेंबर’ असे एकच उत्तर ठामपणे दिलेले असते. पोलिश, चेक, युक्रेनी आणि बेलारूशी या भाषांपुरते ते बरोबर आहे. क्रोएशियन भाषेत मात्र लिस्तोपाद म्हणजे ऑक्टोबर. दोन्हीकडे शब्द तोच, घडण तीच (‘लिस्त’ म्हणजे पान, ‘पाद’ म्हणजे पडणे), लॅटिन लिपीतले स्पेलिंगही तेच आणि अर्थात मात्र पूर्ण एका महिन्याचा फरक. हा फरक माहीत नसल्यामुळे होणाऱ्या चुका मी इतक्या वेळा वाचल्या आहेत की तो एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

सोप्या गोष्टी आधी बाजूला करतो. रशियन, सर्बियन, बल्गेरियन, मॅसेडोनियन आणि स्लोव्हाक या भाषांत आज महिन्यांची नावे लॅटिनवरून आलेली आहेत, त्यामुळे तिथे घोटाळ्याला जागाच नाही. रशियनमध्ये ‘लिस्तोपाद’ हा शब्द आहे, पण तो महिना नव्हे, केवळ पानगळ. मराठी वाचकाने एवढेच ध्यानात ठेवावे की आपल्याकडची पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली असते. मध्य आणि पूर्व युरोपात ती थंडी सुरू होण्यापूर्वी उरकते.

हा फरक केवळ कोशापुरता नाही. पोलंडचा स्वातंत्र्यदिन ११ लिस्तोपाद, म्हणजे ११ नोव्हेंबर १९१८ ची आठवण. १८३० साली रशियन सत्तेविरुद्ध झालेला पोलिश उठावही लिस्तोपादच्याच नावाने ओळखला जातो, कारण तो २९ नोव्हेंबरला सुरू झाला. चेक भाषेत तर १९८९ च्या घडामोडींमुळे या शब्दाला राजकीय अर्थच चिकटला आहे. तिथे ‘पोलिस्तोपादोवी’ असे विशेषण आले की ते साम्यवादी राजवट कोसळल्यानंतरच्या काळाविषयी असते, आणि त्यातला लिस्तोपाद हा १७ नोव्हेंबर १९८९ पासूनचा. याउलट क्रोएशियाच्या संसदेने युगोस्लाव्हियाशी असलेले संबंध तोडले तो दिवस ८ लिस्तोपाद १९९१, म्हणजेच ८ ऑक्टोबर. चेक वाचकासाठी ‘लिस्तोपादची क्रांती’ म्हणजे १९८९ चे प्राग. क्रोएशियन लेखनात तेच शब्द १९१७ च्या रशियन ऑक्टोबर क्रांतीसाठी आलेले दिसतात. अशा मजकुराचा अनुवाद करणाऱ्याने मूळ भाषा न पाहता तक्त्यावर विसंबून महिना लिहिला, तर त्याची चूक महिन्यापुरती राहत नाही, घटनाच बदलते.

आता खरी अडचण. ‘एकाच शब्दाचे दोन महिने का?’ असे विचारले की बहुतेक जण तत्काळ हवामानाचे उत्तर देतात: क्रोएशिया दक्षिणेला, पोलंड उत्तरेला, म्हणून निसर्गाच्या घटना तिथे लवकर आणि इथे उशिरा. हे उत्तर मला अत्यंत खटकते, कारण ते निम्म्या नावांना चपखल बसते आणि त्यामुळेच उरलेल्या नावांविषयी कोणी विचार करत नाही. लिंडनच्या झाडाचे नाव घेतलेला महिना पाहा. क्रोएशियनमध्ये ‘लिपान्य’ म्हणजे जून; पोलिश ‘लिपियेत्स’ आणि युक्रेनी ‘लिपेन’ म्हणजे जुलै, आणि शेजारच्या पण स्लाव्ह नसलेल्या लिथुआनियन भाषेतही ‘लियेपा’ म्हणजे जुलैच. दक्षिणेला झाड आधी फुलते, तेव्हा हिशोब जुळतो. विळ्याचे नाव घेतलेला कापणीचा महिनाही तसाच: क्रोएशियन ‘स्र्पान्य’ जुलै, तर चेक ‘स्र्पेन’ आणि पोलिश ‘शेर्पेन्य’ ऑगस्ट. दक्षिणेत पीक आधी पिकते, म्हणून विळाही आधी चालतो.

पानगळीला मात्र हा नियम लावला की तो उलटा पडतो. पाने थंडीच्या चाहुलीने गळतात आणि थंडी उत्तरेकडे आधी पोहोचते. क्रोएशियाची राजधानी झाग्रेब सुमारे ४६ उत्तर अक्षांशावर आहे, पोलंडची राजधानी वॉर्सॉ सुमारे ५२ वर. निव्वळ हवामानावर नाव ठरले असते, तर लिस्तोपाद पोलंडमध्ये ऑक्टोबर आणि क्रोएशियात नोव्हेंबर असायला हवा होता. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. फुलांच्या महिन्याचीही तीच गत: पोलिश ‘क्फ्येचेन्य’ म्हणजे एप्रिल, तर पोलंडच्या दक्षिणेला असलेल्या चेक प्रदेशात ‘क्व्येतेन’ म्हणजे मे. फुले दक्षिणेत उशिरा येतात असे कोणीही म्हणणार नाही.

मग उलगडा कसा करायचा? माझे ठाम मत असे की लिस्तोपाद हे नाव एकटे घेऊन बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक भाषेतली नावांची रांग ओळीने वाचली पाहिजे. चेकमध्ये ऑगस्टला स्र्पेन, सप्टेंबरला ‘झार्झी’, ऑक्टोबरला ‘र्झीयेन’ म्हणजे हरणांच्या माजाचा महिना, आणि मग नोव्हेंबरला लिस्तोपाद. क्रोएशियनमध्ये जुलैला स्र्पान्य, ऑगस्टला ‘कोलोवोझ’ म्हणजे कापलेले पीक गाड्यांतून वाहून नेण्याचा महिना (त्यातले ‘वोझ’ आणि आपले ‘वाहणे’ ही मुळात एकाच घराण्यातली), सप्टेंबरला ‘रुयान’, म्हणजे तोच हरणांच्या माजाचा महिना, आणि मग ऑक्टोबरला लिस्तोपाद. दोन्हीकडे कापणीनंतर एक महिना सोडून हरणांचा माज येतो आणि त्याला लागूनच पानगळ येते. क्रम जराही बिघडलेला नाही; विळ्यापासून पानगळीपर्यंतची अख्खी रांग एका घराने पुढे-मागे झाली आहे. उन्हाळ्याच्या टोकाला हवामानाने खरेच फरक पडला, कापणीचे नाव दक्षिणेत एक महिना अलीकडे बसले आणि त्याच्या मागे उभी असलेली नावेही त्याच्याबरोबर सरकली, असे मी या रांगा वाचतो. पानगळीचा महिना क्रोएशियात ऑक्टोबर झाला तो तिथली पाने लवकर गळतात म्हणून नव्हे, तर त्याच्या अलीकडची जागा आधीच रिकामी झाली होती म्हणून. पानगळ एका दिवसात उरकत नाही, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्हीत चालू असते, त्यामुळे नाव कुठल्याही घरात बसले तरी कोणाला विसंगत वाटले नाही.

ही सरक शेवटी कुठे जिरली तेही दिसते. डिसेंबर दोन्ही भाषांत एकच आहे: चेक ‘प्रोसिनेत्स’, क्रोएशियन ‘प्रोसिनात्स’. मग क्रोएशियनमध्ये नोव्हेंबरचे घर रिकामे राहायला हवे होते, आणि तिथे ‘स्तुदेनी’, म्हणजे थंड महिना, बसलेला आहे. पोलिशची रांग वेगळ्या नावांची, पण न्याय तोच: सप्टेंबर हेदर नावाच्या झुडपाच्या फुलांचा, ऑक्टोबर जवसाचा वाख काढताना निघणाऱ्या काड्यांचा, नोव्हेंबर पानगळीचा, डिसेंबर गोठलेल्या ढेकळांचा. युक्रेनीत ऑक्टोबर ‘झोव्तेन’ म्हणजे पिवळा आणि लगेच पुढे लिस्तोपाद. पाने आधी पिवळी पडतात आणि मग गळतात. लिथुआनियनमध्येही नोव्हेंबरला ‘लापक्रितिस’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ पानगळच आहे.

नावे मुळात पक्क्या घरांची नव्हती, याचा लेखी पुरावा कीव्हच्या आद्य बखरीत आहे. १०९७ च्या हकिकतीत आंधळा केलेल्या वासिल्को राजपुत्राला गोठलेल्या, ढेकळांच्या वाटेने नेल्याचे वर्णन येते आणि बखरकार म्हणतो की तेव्हा ‘ग्रुदेन’ (ढेकळांचा) महिना, म्हणजे नोव्हेंबर होता. त्याच कीव्हमध्ये आज ‘ह्रुदेन’ म्हणजे डिसेंबर. तिथे ना भूमी बदलली ना अक्षांश. स्लोव्हेनियन परंपरेने तर कापणीचा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवला: जुलै हा ‘लहान स्र्पान’, ऑगस्ट हा ‘मोठा स्र्पान’. पण लिस्तोपाद स्लोव्हेनियनमध्ये नोव्हेंबर आहे, आणि प्रोसिनेत्स हा जानेवारी, हे क्रोएशियाच्या अगदी शेजाऱ्याबद्दल मुद्दाम सांगायला हवे. आज स्लोव्हेनियन लोक रोजच्या वापरात लॅटिन नावेच घेतात. ही जुनी नावे पंचांगवजा पुस्तकांतून भेटतात.

मराठी वाचकाला अशा घोळाची सवय आहे, आणि तीच इथे दिशाभूल करू शकते. आपण जन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमीला धरतो, उत्तरेकडे तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी असतो. परंतु तिथे अमान्त (महिना अमावास्येला संपणारा) आणि पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) असा स्पष्ट नियम आहे, शुक्ल पक्ष दोन्हीकडे सारखा आणि फरक फक्त कृष्ण पक्षात. स्लाव्ह नावांना असे गणिती रूपांतर नाही. काही नावे एका महिन्याने सरकतात, काही जागची हलत नाहीत, आणि ‘थंड’ या धातूपासूनचे नाव तर क्रोएशियात नोव्हेंबर आणि बेलारूसमध्ये जानेवारी आहे. म्हणून ‘क्रोएशियन महिना अधिक एक’ असले सूत्र कोणी सुचवले तर ते मुळीच स्वीकारू नये.

मजकुरात लिस्तोपाद दिसला तर तो कोणता, हे कसे ओळखावे? युक्रेनी लिपी वेगळी आहे आणि चेकमध्ये तारखेबरोबर शब्दाचे रूप ‘लिस्तोपादू’ होते, त्यामुळे ते दोन्ही लगेच वेगळे पडतात. खरी गल्लत पोलिश आणि क्रोएशियनची, कारण दोन्हीकडे तारखेत ‘लिस्तोपादा’ हेच रूप येते. इथे पूर्णविराम पाहावा: क्रोएशियनमध्ये दिवसाच्या आकड्यानंतर टिंब असते आणि वर्षानंतरही असते, पोलिशमध्ये महिना अक्षरी लिहिला असेल तर दिवसाच्या आकड्यानंतर टिंब देत नाहीत. अनुवाद करताना मूळ नाव कौतुकाने तसेच ठेवण्यापेक्षा सरळ ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर लिहावे असा माझा आग्रह आहे. क्रोएशियन माणसेही बोलताना पुष्कळदा ‘दहावा महिना’ असेच म्हणतात. बॉस्नियात बोस्निआक (तिथले मुस्लिम) आणि सर्ब ‘ओक्तोबार’ लिहितात, तर तिथले क्रोएट लिस्तोपाद. त्यामुळे बॉस्नियातून आलेल्या कागदावर लिस्तोपाद असेल, तर तो ऑक्टोबरच समजावा.