उन्हानं रक्त शिजतं का?

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि मोबाइलवर तोच जुना संदेश फिरू लागतो: शरीराचं तापमान ४२ अंशांवर गेलं की रक्तातली प्रथिनं शिजतात. परवा शेजारच्या काकूंनी तो वाचून दाखवला आणि विचारलं, “म्हणजे अंड्यासारखं घट्ट होतं का हो रक्त?” प्रश्न फार चांगला आहे, आणि तो थेट प्रकाशालाच विचारता येतो.

रक्तद्रवात सर्वांत जास्त असणारं प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. ही ५८५ अमिनो आम्लांची साखळी. रक्तात ती मोकळी लोंबत नसते, सोलापुरी चादरीसारखी तिची पक्की घडी असते. ही घडी मोडते तेव्हा प्रथिन ‘शिजलं’. या साखळीत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल एकदाच येतं, २१४व्या जागी, तेही घडीच्या आतल्या पदरात.

क्वार्ट्झच्या चौकोनी कुपीत अल्ब्युमिनचं पातळ द्रावण घ्यायचं (साधी काच अतिनील किरण अडवते) आणि त्यावर २९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडायचा. तो मुख्यतः ट्रिप्टोफॅनच शोषतं आणि काही नॅनोसेकंदांत स्वतःचा प्रकाश बाहेर टाकतं. हा प्रकाश काटकोनातून मोजायचा. घडी शाबूत असेल तर तो ३४० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत प्रखर असतो. युरियाच्या तीव्र द्रावणात घडी सुटली की तो ३५०च्या दिशेनं सरकतो.

का सरकतो? ऊर्जा शोषल्यावर ट्रिप्टोफॅनमधल्या विद्युतभाराची वाटणी बदलते. एका बाजूला ऋण भार वाढतो, दुसऱ्या बाजूला धन. पाण्याचे रेणूही असेच दुटोकी. घडी उघडली की पाणी आत शिरतं आणि त्याचे रेणू या नव्या भाराकडे तोंड वळवतात. त्यांना वळायला पिकोसेकंद पुरतात, म्हणजे प्रकाश सुटण्याच्या कितीतरी आधी. या जुळवाजुळवीत थोडी ऊर्जा जाते. उरलेल्या कमी ऊर्जेच्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त. एका रेणूला पाणी लागल्याची खबर आपल्याला रंगाच्या एवढ्याशा बदलातून मिळते! कितीही वेळा तो आलेख पाहिला तरी मला नवल वाटतं.

तापवताना मात्र घडीतल्या पिळांवर, म्हणजे साखळीच्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांवर, नजर ठेवतात, वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशानं (ज्याची लहर पुढे जाताना गोल फिरत जाते), २२२ नॅनोमीटरला. शुद्ध अल्ब्युमिनचे पीळ साधारण ६० अंशांच्या आसपास सैल पडू लागतात, ४२ला नाही. सलाइनसारखं शिरेतून देतात ते अल्ब्युमिन तर विषाणू मरावेत म्हणून ६० अंशांवर १० तास तापवलेलं असतं. टिकावं म्हणून त्यात एका मेदाम्लाचा क्षार घातलेला असतो.

प्रकाशाच्या नावाखाली ‘मुठीत धरा, रक्ताचे चाळीस दोष सांगतो’ म्हणणारी यंत्रं फिरतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर खरोखर प्रकाशावर चालतो, पण तोही ऑक्सिजन आणि नाडीच सांगतो.

काकूंचा मुलगा पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमागावर काम करतो, म्हणून त्यांना एवढं नक्की सांगितलं: रक्त शिजत नाही, पण उष्माघात खरा आहे. अंग ४० अंशांच्या वर तापलं आणि माणूस बरळू लागला, तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडांना इजा होऊ लागलेली असू शकते. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावा.